मराश टाका शिकताना: येरेवानमधील पहिले सहा महिने

पतीच्या नोकरीमुळे मी आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला राहायला गेले, तेव्हा लहानपणी आईकडून शिकलेला सिंधी टाका माझ्या हातात होता. मराश या गावाच्या नावाने ओळखले जाणारे आर्मेनियन भरतकाम त्याचेच भावंड आहे असे कळल्यावर, हे काम आपल्याला आठवडाभरात जमेल अशी माझी समजूत झाली. त्या समजुतीपायी बरेच कापड वाया गेले, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहून ठेवत आहे.

आर्मेनियन भाषेत सुईला ‘आसेघ’ आणि कामाला ‘गोर्त्स’ म्हणतात. भरतकामाचा शब्दही या दोहोंतूनच बनला आहे, म्हणजे आपले ‘सुईकाम’च. भरतकामाच्या शैली मात्र बहुतेक गावांच्या नावांनी ओळखल्या जातात: मराश, आयन्ताब, उर्फा, वान. ही सर्व गावे आज तुर्कस्तानात आहेत, आणि १९१५ साली सुरू झालेल्या वंशसंहारानंतर तेथील आर्मेनियन वस्ती जवळजवळ नाहीशी झाली. वाचलेली माणसे अलेप्पो, बैरूत आणि त्याही पलीकडे पांगली. त्यांतील अनेक विधवांना आणि अनाथ मुलींना याच सुईकामाने पोटाला आधार दिला. मला शिकवणाऱ्या शेजारच्या आजींना सगळे ‘तातिक’ म्हणत. त्यांनी मराश कधीच पाहिले नव्हते, पण टाका त्यांच्या आजीकडून आलेला होता.

या टाक्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात हेरिंगबोन टाक्यासारखे तिरपे धागे एकमेकांना छेद देत घालून कापडावर सांगाडा तयार करायचा, आणि दुसऱ्या टप्प्यात त्या सांगाड्याच्या धाग्यांमधून सुई वर-खाली फिरवत वीण घालायची. या वेळी सुई कापडात शिरता कामा नये. सगळी मेख पहिल्या टप्प्यात आहे. दोन धागे जेथे एकमेकांना ओलांडतात तेथे कोणता वर आणि कोणता खाली हे ठरलेले असते. एका जागी चूक झाली तरी ती त्या वेळी नजरेत भरत नाही. वीण घालताना वर-खालीचा क्रम अचानक तुटतो तेव्हा ती कळते, आणि मग सगळे उसवण्यावाचून इलाज उरत नाही. सिंधी टाका भरताना मी एकेक चौफुला पुरा करून दोरा तोडत असे. मराशच्या नक्षीत मात्र क्रुसाच्या आकाराचे घटक असतात, आणि क्रुसाला क्रूस जोडत पट्टे आणि चांदण्या वाढत जातात, सांगाडा जाताना अर्धा आणि परतताना अर्धा पुरा होतो, त्यामुळे दोऱ्याची वाट आधी कागदावर आखून घ्यावी लागते. माझा हात सवयीने चौफुला बंद करू पाही, आणि तातिक मनगटावर बोट ठेवून ‘कामात्स, कामात्स’, म्हणजे ‘सावकाश’, असे म्हणत. पहिला निर्दोष क्रूस व्हायला मला तीन आठवडे लागले.

साहित्य साधेच आहे. दोरा पिळाचा घ्यावा. पर्ल कॉटनचा आठ नंबर उत्तम, कारण सहा पदरी दोऱ्याचे पदर विणताना सुईत अडकून फाटतात. कापडाची वीण उभी-आडवी सारखी असावी, म्हणजे चौकटी मोजता येतात. आपल्याकडचे मॅटी सरावाला चालते. विणायला बोथट टोकाची सुई घ्यावी, किंवा नेहमीचीच सुई नेढ्याच्या बाजूने पुढे सरकवावी. कापड रिंगमध्ये ताणलेले असावे, पण सांगाड्याचे धागे किंचित सैल सोडावेत. मी ते तंग ओढत असे, आणि विणीला जागाच उरत नसे.

आयन्ताबच्या कामात कापडातले धागे काढून उरलेल्या धाग्यांवर नक्षी बांधतात. नवख्याने त्याची घाई करू नये, कारण चुकून कापलेला धागा परत जोडता येत नाही. सुईने गाठी घालत विणायची लेस हा तर निराळाच अभ्यास आहे.

येरेवानला गेलात तर शारांबेयान लोककला संग्रहालय पाहावे आणि मग शनिवार-रविवारी वेर्निसाझच्या बाजारात जावे. तेथे मराशचे काम म्हणून दाखवलेला तुकडा आधी उलटून पाहावा: वीण कापडाच्या वरच राहत असल्याने मागे सांगाड्याचे लहान लहान टाके तेवढे दिसायला हवेत. मागेही पुढच्याइतकाच दोरा भरलेला असेल, तर तो तुकडा खाली ठेवून पुढच्या दुकानाकडे वळावे.