सत्र संपल्यावर संस्थेकडे काय उरतं?

कॉलेजच्या सेवा-शिक्षणात, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून समाजासाठी काम करताना, सामाजिक संस्थेसोबत पहिल्यांदाच टीम प्रकल्प करणार असाल, तर लॅपटॉप उघडण्याआधी दोन दिवस तिथे नुसतं बसा. आम्ही बसलो नव्हतो.

आम्हाला मिळालेली संस्था एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे स्वयंसेवक पाठवायची. 'नोंदी नीट ठेवता येतील असं काहीतरी करून द्या' एवढंच त्यांचं मागणं होतं. आम्ही पाच जणांनी सहा आठवडे खपून ॲप बनवलं. कौतुकही झालं. पंधरा दिवसांनी पाहिलं, तर नोंदी ठेवणाऱ्या ताई वहीतच लिहीत होत्या. खूप वाईट वाटलं. मग मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. फोन आला की तो खांद्याने कानाशी धरून त्या पान उलटायच्या आणि नावापुढे बारीक अक्षरात लिहायच्या: 'दुपारी झोपतात', 'कमी ऐकू येतं, दोनदा बेल', 'आधी मुलीला विचारणे'. आमच्या ॲपमध्ये नाव, पत्ता, तारीख सगळं होतं, या शेऱ्यांना मात्र जागाच नव्हती. आणि कुणाला कुणाकडे पाठवायचं, हे तर त्यावरूनच ठरायचं! ॲप बाजूला ठेवून आम्ही साधी एक्सेल शीट केली. तिच्यात शेऱ्यांचा रकाना सगळ्यात रुंद.

सेवा-शिक्षण हे स्वयंसेवेपेक्षा वेगळं पडतं ते इथे. नुसते तास भरून श्रेयांक मिळत नाहीत; काय चुकलं, का चुकलं, विषयातलं कुठलं ज्ञान कामी आलं, हे लिहावं लागतं. ती टिपणं त्या-त्या दिवशीच लिहा. शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिलेलं गुळगुळीत होतं.

दुसरी अडचण सत्राची. तुमचं सत्र संपतं, संस्थेची गरज संपत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 1995 मध्ये सुरू झालेल्या 'एपिक्स' या सेवा-शिक्षणाच्या उपक्रमात म्हणूनच एकच प्रकल्प अनेक सत्रं चालतो आणि पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकाच टीममध्ये असतात. मला ही रचना फार पटते. तुमच्याकडे तशी सोय नसेल, तर निदान खातं आणि पासवर्ड संस्थेच्या ईमेलवर ठेवा, स्वतःच्या कधीच नको.

आणि सादरीकरणाच्या आधी एकदा हे करा. संस्थेतल्या व्यक्तीला नवी नोंद करायला सांगा आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. ताई दोन ठिकाणी अडल्या. आम्ही त्याच संध्याकाळी ते दोन रकाने बदलले.