बाळाचा पासपोर्ट फोटो घरीच काढायचा तर

पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो समोर बसवून तिथेच काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र आपण घेऊन जायचा असतो, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पाठीमागे पांढरं. भाचीच्या चार महिन्यांच्या बाळाला स्टुडिओत स्टुलावर बसवणार कोण? घरी त्याची झोप, दूध, रडणं सगळं आपल्याला ठाऊक असतं. त्या एका फोटोवर पुढची पाच वर्षं काढायची असतात, म्हणून तान्ह्या बाळाचा फोटो घरीच, सवडीने काढावा, असं माझं ठाम मत आहे.

आदल्या दिवशी चादर बघून ठेवा. पांढरी, बिनडिझाइनची, आणि नीळ जास्त झालेली नको. डोळ्यांना ती स्वच्छ वाटते, पण फोटोत निळसर येते. कडक इस्त्री करा, घडीची एक रेघ राहिली तरी तिची सावली कानामागे उमटते. खिडकीला रंगीत पडदा असेल तर काढून ठेवा. आमच्याकडे भगवा होता, पहिल्या खेपेला बाळाला कावीळ झाल्यासारखं दिसलं.

उजेडावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. इंदिरानगरला भाचीच्या हॉलची खिडकी पूर्वेला आहे, सकाळी आठला ऊन थेट गादीवर येतं. तेव्हा काढला तर एक गाल पांढराफटक आणि दुसरा काळा. ऊन खिडकीतून हटलं की मग काढा, साधारण अकरानंतर. पावसाळ्यात ढगाळ दिवस मिळाला तर तो सोडू नका, आभाळ भरलेलं असलं की उजेड सगळीकडून सारखा आणि मऊ येतो. ट्यूबलाइट बंद ठेवा, कारण दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की कातडीचा रंग बिघडतो. फ्लॅश तर अजिबात नको.

गादीवर चादर ताणून अंथरा आणि बाळाचं डोकं खिडकीकडे करा. फोटो काढणाऱ्याने पायाकडे उभं राहायचं, म्हणजे त्याची सावली बाळावर पडत नाही. हनुवटीखाली अंधार वाटला तर पोटाजवळ थर्माकोलचा पांढरा तुकडा तिरका धरा, उजेड परत वर येतो. धरणाऱ्याची बोटं मात्र चौकटीत यायला नकोत.

बाळाची तयारी तशी थोडीच आहे. झबलं गडद रंगाचं घाला, पांढरं चादरीत विरघळून जातं. टोपडं काढा. काजळ आणि कपाळावरची तीट पुसून घ्या. हे पणजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐन वेळी सांगितलं की तिच्या जिवाला लागतं. फोटो झाला की तिच्याच हाताने पुन्हा लावून घ्या. दूध पाजून, ढेकर काढून दहा मिनिटं जाऊ द्या, ती वेळ सगळ्यात शांत असते. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, नजर समोर, एवढं जुळून यायला हवं. त्यासाठी एकाने खुळखुळा अगदी लेन्सच्या शेजारी धरायचा आणि एकदाच वाजवायचा. सतत वाजवला तर बाळ त्याच्याकडे बघणं सोडून देतं. चाळीस-पन्नास फोटो काढा, त्यातून दोन-तीन कामाचे निघतात.

फोनचा मागचा कॅमेरा वापरा, चेहरा गोरा-गुळगुळीत करणारं फिल्टर बंद करा. उभं राहून वरून, दुप्पट झूम करून काढा. जवळून काढला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. फोन जमिनीला समांतर धरा, नाहीतर कपाळ मोठं येतं.

आता छपाई. पार्श्वभूमी आपोआप पुसणाऱ्या फुकट साइटींवर बाळाचा फोटो चढवू नका. एक तर तो कुठे साठतो ते आपल्याला कळत नाही, शिवाय जावळ आणि कानांच्या कडा कुरतडल्या जातात. घरच्या कॉम्प्युटरवर गिम्पसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) एक फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा करा. हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचा चेहरा चौकटीचा बहुतेक भाग व्यापेल असा बसवा. चार बाय सहा इंची कागद आडवा धरला की चारच्या दोन ओळी, असे आठ फोटो बसतात आणि कापायला जागाही उरते.

माझी चूक इथे झाली. प्रिंटरने कागदात ‘बसवून’ छापलं आणि मला ते दिसायला ठीकच वाटलं. शेजारचे काका नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. आपल्या पासपोर्टची पुस्तिका तिथेच छापली जाते. त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, फोटोवर ठेवली आणि म्हणाले, “ताई, हे तेहेतीस भरतंय.” पस्तीस मिलिमीटर रुंदीतले दोन मिलिमीटर गेले होते! तेव्हापासून मी आधी साध्या कागदावर छापून पट्टी लावते, मगच फोटोपेपर घालते. सेटिंगमध्ये आकार शंभर टक्के ठेवा, आणि बिनकडेची छपाई बंद करा, कारण त्यात चित्र थोडं मोठं होतं. इंकजेटचा चकचकीत कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीच घालू नका, उष्णतेने त्याचा थर आत चिकटतो.

घरी प्रिंटर नसेल तर तयार पान पेनड्राइव्हवर लॅबमध्ये न्या आणि न कापता, आहे त्याच मापात चार बाय सहा काढून द्या असं स्पष्ट सांगा. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो. शाई वाळेपर्यंत प्रिंट एकावर एक ठेवू नका. कापताना कात्री नको, जुन्या कॅलेंडरवर ठेवून स्टीलची पट्टी आणि कटर घ्या.

जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये पारदर्शक पाकिटात चार फोटो घाला, मागे बॉलपेनने काही लिहू नका, पुढून वळ दिसतो. उरलेल्या चारांपैकी एक पणजीला द्या.