थंडीची लाट येणार म्हटलं की केळीला आधी पाणी

किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी कमी, म्हणजे थंडीची लाट. केळीची वाढ मात्र त्याआधीच, १२ अंशांच्या आसपास मंदावते. घड पोग्यातच (खोडाच्या शेंड्यातल्या न उलगडलेल्या पानांत) अडकतो, बाहेर आला तरी वाकडा येतो. त्यामुळे नांदेड-हिंगोलीकडच्या अर्धापूर, वसमत भागातल्या केळी शेतकऱ्यांनी लाटेच्या इशाऱ्याची वाट पाहू नये.

अंदाजात आकडा पाहाल तसं आभाळ आणि वाराही पाहा. निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा, ही रात्र सर्वांत वाईट. अंदाजातला आकडा जमिनीपासून उंचावरच्या हवेचा असतो. ओढ्याकाठच्या सखल वावरात पारा त्याहून दोन-तीन अंश खाली असू शकतो.

अशा वेळी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रात्री उशिरा ते पहाटे द्या, ते हवेपेक्षा कोमट असतं. पंपाला लाईट दिवसाच मिळत असेल तर संध्याकाळी द्या, पण माती कोरडी ठेवू नका. पहाटे बांधावर ओलसर काडीकचरा धुमसत ठेवा. जाळ नको, धूर हवा. वारा सुटला असेल तर धूर टिकत नाही, तेव्हा उत्तरेकडच्या बांधावर शेडनेट लावणंच बरं. निसवलेल्या (बाहेर पडलेल्या) घडांना सच्छिद्र पिशव्या घाला. बिनछिद्राच्या पिशवीत पाणी साचून फळं सडतात.