लॅपटॉपवर वाजवायला निघण्याआधी

पुण्यात भरत नाट्य मंदिरात किंवा बालगंधर्वला नाटकाचं संगीत लॅपटॉपवरून वाजवायचं असेल तर तयारी दोन दिवस आधी घरी करा. की-बोर्ड, इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी यूएसबी पेटी), पेडल, चार्जर हे सांगायला नको. यूएसबी केबल मात्र एक जास्तीची घ्या. तपकीर गल्लीत मिळते, पण ती आणायला प्रयोगाच्या दिवशी जाऊ नका.

आधी ठरवा, वाद्य (म्हणजे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवायचं, की प्लग-इन म्हणून, म्हणजे होस्ट नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या आत. नाटकभर एकच पियानो असेल तर सरळ स्टँडअलोन. मध्ये होस्ट नाही, बिघडायला एक गोष्ट कमी. पियानोवरून स्ट्रिंग्ज, खाली तानपुरा, असं असेल तर होस्ट हवाच: रीपर, विंडोजवर कँटाबिले, मॅकवर मेनस्टेज. मेनस्टेज फक्त ऑडिओ युनिट प्रकारचे प्लग-इन घेतो, व्हीएसटी प्रकारचे घेत नाही, हे प्लग-इन विकत घेण्याआधी बघा. दोन स्टँडअलोन एकदम उघडून भागवू नका. विंडोजवर बरेच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस चालवणारं सॉफ्टवेअर) इंटरफेस एका वेळी एकाच प्रोग्रामला देतात आणि दुसरा मुका राहतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं. स्टँडअलोनची ऑडिओ आणि मिडीची (की-बोर्डवर काय दाबलं त्या संदेशांची) सेटिंग्ज त्याची स्वतःची असतात. प्लग-इनला आउटपुट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), बफर (एका वेळी किती नमुने साठवून पाठवायचे), मिडी सगळं होस्ट पुरवतो. स्टँडअलोनला ते तुम्हीच सांगायचं. तालमी होस्टमध्ये केल्या आणि प्रयोगाला 'हलकं पडेल' म्हणून तेच वाद्य स्टँडअलोन उघडलं, तर आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून येऊ शकतो, किंवा पट्ट्या दाबूनही काहीच वाजत नाही. म्हणून इंटरफेस आणि की-बोर्ड जोडा, मग स्टँडअलोन उघडा. आउटपुटला इंटरफेसचा ड्रायव्हर निवडा. मिडी इनपुटच्या यादीत तुमच्या की-बोर्डपुढे टिक आहे का बघा. प्रोग्राम बंद करून परत उघडा आणि टिक राहिली का ते परत बघा. यूएसबी पोर्ट बदलू नका. काही उपकरणं दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज त्यांना नवीन समजतं आणि तुमची टिक गेली. पोर्टशेजारी चिकटपट्टी लावून नाव लिहा.

आवाजाचंही तसंच. होस्टमध्ये प्रोजेक्ट सेव्ह केला की त्यात प्लग-इनची सगळी बटणं सेव्ह होतात, पण स्टँडअलोनला त्या प्रोजेक्टचा पत्ता नसतो. तो आवाज वाद्याच्या आतच प्रीसेट म्हणून वेगळा सेव्ह करा. होस्टमध्ये वेगळा लावलेला रिव्हर्ब (घुमारा) इथे येणार नाही, हेही धरून चाला.

बफर 256 ठेवा. 44,100 सॅम्पल रेटला ते साधारण 6 मिलिसेकंद होतात, 128 ला 3. वर ड्रायव्हरचा थोडा वेळ धरा. एवढा उशीर बोटांना खुपत नाही, पण बफर लहान ठेवल्यामुळे भर पदात स्पीकर कडकडला तर सगळ्या प्रेक्षागृहाला कळतं. आणि हो, स्टँडअलोनचा बफरसुद्धा बऱ्याचदा वेगळाच असतो. होस्टमध्ये बदललात म्हणून तिथे बदलेलच असं नाही.

पट्टी एकाच ठिकाणी बदला. पांढरी एकमध्ये बसवलेलं पद गायिकेला पांढरी दोनमध्ये हवं असेल तर ट्रान्सपोज 2. होस्टमध्येही 2 आणि वाद्यातही 2 टाकलेत तर 4 अर्धस्वर चढतील आणि बिचारी पहिल्याच ओळीत अडकेल.

लायसन्स: नेटशिवाय चालतं का बघायला वाय-फाय बंद करून वाद्य एकदा उघडा. डाँगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) लागत असेल तर तो पिशवीत.

निघण्याआधी विंडोज अपडेट थांबवा. स्लीप, नोटिफिकेशन, ब्लूटूथ बंद. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स.

हॉलवर साउंडवाल्यांना डीआय बॉक्स (तुमचं आउटपुट त्यांच्या मिक्सरला जोडणारी डबी) आधी मागून ठेवा. चार्जर लावल्यावर घूं ऐकू आलं तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंगची जोडणी तोडणारं) बटण दाबा. मग आउटपुट आणि मिडी इनपुट, परत एकदा. घरी बघितलं होतं म्हणून सोडू नका. प्रयोग संपल्यावर आधी चॅनेल म्यूट करायला सांगा, मगच केबली काढा.