मॅटवरचे जिउ-जित्सू पिंजऱ्यात नेताना

जमिनीवर पकडी आणि सांध्या-गळ्यावरचे डाव खेळण्याच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मॅटवर काही वर्षे घालवलेला खेळाडू एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळेच चालणाऱ्या, पिंजऱ्यातल्या मिश्र लढतींच्या सरावाला प्रथम उतरतो, तेव्हा त्याला डावपेचांची उणीव सहसा भासत नाही. पाठीवर पडून निवांतपणे पुढचा डाव शोधण्याची जी सवय त्याला लागलेली असते, ती मात्र महागात पडते. १९९३ साली डेन्व्हर येथे झालेली यूएफसी ही मिश्र लढतींची पहिली स्पर्धा जिउ-जित्सूचे खेळाडू रॉयस ग्रेसी यांनी जिंकली, तेव्हा जमिनीवरचा हा खेळ प्रतिस्पर्ध्यांना जवळजवळ अपरिचित होता. २००६ साली मूळचे कुस्तीपटू मॅट ह्यूज यांनी त्याच ग्रेसींना पहिल्याच फेरीत ठोशांनी हरवले, कारण तोवर कुस्तीतून आलेले खेळाडूही जिउ-जित्सू शिकले होते.

म्हणून आपल्या ओळखीची प्रत्येक स्थिती एका प्रश्नावर पुन्हा पारखून घ्यावी: येथे समोरचा मला मारू शकतो का? क्लोज्ड गार्डमध्ये, म्हणजे आपण पाठीवर पडून त्याच्या कमरेभोवती पाय अडकवलेले असताना, त्याची पाठ सरळ झाली की त्याच्या ठोशांना वजन येते. त्यामुळे एकतर त्याचे डोके खाली ओढून छातीशी घट्ट धरावे आणि एका हाताने त्याचा दंड वरून वेढून अडकवावा, किंवा दोन्ही पावले त्याच्या कमरेवर रोवून त्याला हाताच्या टप्प्याबाहेर ढकलावे. या दोहोंमधले अंतर सर्वांत घातक असते. सरावात साथीदाराला छोटे ग्लोव्ह्ज घालून वरून हलके ठोसे मारू द्यावेत आणि तीन मिनिटे सबमिशनचा (हार मानायला लावणाऱ्या डावाचा) विचारही न करता केवळ ठोसे चुकवावेत. हा सराव कंटाळवाणा आहे, आणि बहुतेक जण तो टाळतात तेही त्यामुळेच.

गुणांचा हिशेबही वेगळा आहे. जिउ-जित्सूच्या स्पर्धेत स्वीपला (खालून उलटवून वर येण्याला) २, गार्ड पासला (समोरच्याचे पाय ओलांडण्याला) ३ आणि माउंटला (त्याच्या धडावर स्वार होण्याला) ४ गुण मिळतात. एमएमएमध्ये पाच मिनिटांच्या फेरीत कोणाचे ठोसे आणि पकड अधिक परिणामकारक ठरली, हे पंच पाहतात, आणि नुसता गार्ड राखून खाली पडून राहिलेला खेळाडू बहुधा ती फेरी गमावतो. २०१० साली अँडरसन सिल्वा यांनी चेल सॉनन यांना पाचव्या फेरीत ट्रँगलमध्ये (पायांनी मान आणि एक हात आवळण्याच्या डावात) अडकवले, हे उदाहरण गार्डचे समर्थक नेहमी देतात. मला त्यात आधी हातच्या गेलेल्या चार फेऱ्या अधिक ठळक दिसतात.

यासाठी उठणे हाच पहिला डाव मानावा. पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत सरकत जाऊन तिला पाठ टेकवावी, एका हाताने प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरावे, दुसरा हात जमिनीवर रोवावा, त्याच बाजूचा पाय कुल्ल्याखाली ओढून घ्यावा आणि पाठ जाळीवर घासत वर यावे. जाळीत बोटे अडकवणे नियमबाह्य आहे, तेव्हा ती सवय सरावातच मोडावी. उठताना प्रतिस्पर्ध्याचे डोके आपल्या हनुवटीखाली घुसू दिले, तर तो पुन्हा खाली खेचतो. म्हणून कपाळ त्याच्या कानशिलाशी दाबून धरावे.

गीची (जिउ-जित्सूच्या जाड पोशाखाची) कॉलर आणि बाही येथे नसतात, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत अंग घामाने इतके निसरडे होते की सैल आर्मबारमधून (कोपर उलटे ताणण्याच्या डावातून) हात सहज निसटतो. शिवाय आर्मबार लावणाऱ्याला उचलून जमिनीवर आदळण्याची मुभा जिउ-जित्सूच्या स्पर्धांत सहसा नसते, पण येथे ती असते. त्यामुळे प्रतिस्पर्धी उठू लागताच त्याचा पाय आतून पकडावा, अन्यथा डाव सोडून द्यावा. मागून चोक लावताना (गळा आवळताना) ग्लोव्ह्जची गादी हनुवटीला अडते, म्हणून हात घुसवण्याची घाई करू नये; पाठीवरून दोन-तीन ठोसे मारावेत आणि तो चेहरा झाकायला हात वर नेईल, त्या क्षणी मनगट गळ्याखाली सरकवावे. हा क्रम साथीदाराच्या पाठीवर बसून, ग्लोव्ह्ज घालूनच घोटावा. उघड्या हातांनी केलेला सराव येथे फारसा कामी येत नाही.