स्पीडोमीटर चुकतोय? काटा उपटायच्या आधी हे बघा

ऑटो इलेक्ट्रॉनिक्सच्या बेंचवर नव्याने बसणाऱ्यांना क्लस्टर (डॅशबोर्डवरचा मीटरचा संच) उघडायची फार घाई असते. गिऱ्हाईक म्हणतं, ‘जीपीएसवर ९३ आणि मीटरवर १००’, की लगेच स्क्रूड्रायव्हर हातात! अशा गिऱ्हाइकाला मी चहा पाजून परत पाठवतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर ३९ नियमाप्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतकं चालतं. त्यामुळे कंपन्या मुद्दामच थोडं पुढे ठेवतात.

खरी भानगड उलटी असते. २०५/७० आर १५ टायर काढून हौसेने २१५/७५ आर १५ चढवले की व्यास ६६८ मिमीवरून सुमारे ७०४ होतो, म्हणजे ५.३ टक्के वाढतो. आधी तंतोतंत असलेला मीटर आता ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने पळत असते.

आधी सरळ रस्त्यावर ४०, ६०, ८० ला वेग स्थिर ठेवून जीपीएसचे आकडे शेजारच्याकडून लिहून घ्या. सगळीकडे टक्केवारी सारखी असेल तर दोष टायरचा किंवा पल्सचा, म्हणजे गाडी चालताना वेगाचा सेन्सर मीटरला पाठवतो त्या विजेच्या ठोक्यांचा. सगळीकडे फरक तेवढाच, समजा ६ किमीचा, असेल तर कोणीतरी काटा चुकीच्या जागी दाबून बसवलाय. आकडे वेडेवाकडे आले तरच क्लस्टरवर संशय घ्यायचा.

टक्केवारीची चूक काटा हलवून कधीच सुटत नाही. पल्स सुधारावे लागतात. बऱ्याच जुन्या जपानी पद्धतीच्या गाड्यांत सेन्सर किलोमीटरला ६३७ फेरे फिरतो आणि फेऱ्याला ४ पल्स देतो. म्हणजे ताशी ६० ला ४२.५ हर्ट्झ. फंक्शन जनरेटरवरून (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र) एवढं दिलं आणि काटा ६० वर आला, तर क्लस्टर निर्दोष.

मग सेन्सर आणि क्लस्टर यांच्यामध्ये एटीटायनी ८५ सारखा छोटा मायक्रोकंट्रोलर बसवायचा, जो पल्स १.०५३ पट करून पुढे पाठवेल. हा सेन्सर बहुधा ओपन कलेक्टर असतो, वायर फक्त ग्राउंडला ओढतो. म्हणून आउटपुटही बीसी ५४७ ट्रान्झिस्टरमधून तसाच द्या, आणि इनपुटला जादा व्होल्टेज अडवणारा झेनर डायोड विसरू नका. गाडीचे १२ व्होल्ट बेंचवरच्या सप्लायसारखे गुणी नसतात. इंजिनच्या ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जाणारी फांदी मूळ सिग्नलवरच राहू द्या.

कोडमध्ये शिकाऊ पोरं हमखास अडकतात ती एका जागी. दोन पल्समधला वेळ मोजून त्याला १.०५३ ने भागलं की काम झालं असं वाटतं. पण गाडी थांबली की नवा पल्स येत नाही, कोड जुनाच वेळ घोकत राहतो आणि लाल दिव्याला उभ्या गाडीत काटा १० वर लोंबकळतो. ठरावीक वेळ पल्स आला नाही तर आउटपुट बंद, हे लिहावंच लागतं. शिवाय येणाऱ्या प्रत्येक पल्सला १०५३ जमा आणि जाणाऱ्याला १००० वजा असा हिशेब ठेवला, तर एकूण किलोमीटर मोजणारा ओडोमीटरही बरोबर धावतो.

नव्या गाड्यांत वेग एबीएसकडून (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) कॅनवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या सामायिक डेटा-वायरवर, येतो. तिथे वायर कापायची नाही. सोय असेल तर स्कॅनरने टायरचा घेर कोड करायचा.

हे काम येतं म्हटल्यावर ‘जरा किलोमीटरही कमी करून द्या’ म्हणणारे येणारच. बऱ्याच क्लस्टरांत तो आकडा बोर्डावरच्याच ९३सी५६ सारख्या ईईप्रॉम मेमरी चिपमध्ये असतो आणि वाचायला क्लिप पुरते. पण ती पुढच्या खरेदीदाराची सरळ फसवणूक आहे. मी अशी गाडी बेंचवर घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.