‘शेरलॉक ज्युनिअर’ घरच्यांना कसा दाखवावा: एका जुन्या ऑपरेटरच्या सूचना

आधी प्रत नीट निवडा. बस्टर कीटनचा हा १९२४चा मूकपट २०२०पासून अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळा झालाय, त्यामुळे नेटवर बऱ्यावाईट प्रतींचा सुकाळ आहे. किती मिनिटांचा आहे ते बघा. सिनेमा पाच रिळांचा. ४५ मिनिटांच्या आसपास आटोपला पाहिजे. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे आणि वेग काही पक्का नसायचा. कुणी तो संथ चालवून फार लांबवला असेल तर ती प्रत घेऊ नका, त्यात हसू येत नाही. संगीत प्रत्येक प्रतीला वेगळं असतं. नाही आवडलं तर आवाज खुशाल बंद करा, काही बिघडत नाही.

मधल्या इंग्रजी पाट्या वाचायला एक जण नेमा. आमच्याकडे हे काम सूनबाईंकडे असतं. पाटी मराठीत सांगायची आणि गप्प बसायचं; ‘आता बघा हं काय होतंय’ म्हणणाऱ्या माणसाला चहा करायला आत पाठवा.

सुरू करण्याआधी एवढंच सांगा: नायक गावातल्या थेटरात ऑपरेटर आहे, म्हणजे केबिनमधून सिनेमाचं मशीन चालवतो, झाडूही तोच मारतो, आणि त्याला व्हायचंय डिटेक्टिव्ह. ते कसं व्हावं याचं पुस्तक त्याच्या जवळ आहे. माझा उभा जन्म केबिनमध्ये गेला, त्यामुळे माझी सगळी माया या पोराकडे.

मग पोरांच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि पैशांचा हिशेब ठेवायला सांगा. खरी गंमत तिथेच आहे. आवडत्या पोरीसाठी त्याला तीन डॉलरची मिठाई घ्यायचीय, खिशात आहेत दोन. केर लोटताना एक सापडतो, म्हणजे जमलं. तेवढ्यात हरवलेला डॉलर शोधत एक बाई येते, मग रडत एक म्हातारी. बिचाऱ्याकडे उरतो एकच. एक डॉलरचाच खोका घेतो आणि वर लिहिलेल्या किमतीतल्या १चा पेन्सिलीने ४ करतो. तिकडे त्याचा प्रतिस्पर्धी पोरीच्या बापाचं घड्याळ लांबवतो, गहाण टाकतो, आणि त्याला मिळतात किती? चार डॉलर! गहाणाची चिठ्ठी तो हळूच आपल्या हिरोच्या खिशात सरकवतो. झडती घ्यायचा आग्रह हिरोचाच. चिठ्ठीवर ४, खोक्यावरही ४. सापडला की नाही चोर? ज्या पोराच्या कागदावर हे दोन्ही चौकडे आधी लिहिलेले असतील त्याला शाबासकी द्या. (बापाचं काम करणारा जो कीटन हा बस्टरचा खराच बाप, हे मात्र नंतर सांगा.)

पुढचं नीट बघा, कारण इथे बहुतेकांची नजर हिरोवरच असते. पुस्तकात लिहिलंय म्हणून तो संशयिताच्या पाठीला चिकटल्यासारखा मागे मागे चालतो आणि हात हलवत परत येतो. पोरगी मात्र चिठ्ठी घेऊन सरळ गहाणवाल्याच्या दुकानात जाते आणि विचारते, घड्याळ कोणी आणलं? केस तिथेच सुटते, सिनेमा निम्मासुद्धा व्हायच्या आत. तुम्ही बोलू नका. शेवटी विचारा, चोर कोणी पकडला. मोठी माणसंही पुष्कळदा बस्टरचंच नाव घेतात.

मग साहेब केबिनमध्ये मशीन चालू ठेवून झोपतात. आमच्याकडे असं करून चाललंच नसतं. मशीनच्या दिव्यातला जळता कार्बन वेळेवर पुढे सरकवला नाही की पडदा अंधारलाच, आणि खालून शिट्ट्या. झोपलेल्या बस्टरमधून दुसरा पारदर्शक बस्टर उठतो, ते एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधलंय. तो खाली जाऊन पडद्यात शिरतो. इथे पोरांना सांगा, मागचा देखावा नको, त्याचे पाय बघा. बाकावर बसायला जातो तर रस्ता, पुढे कडा, सिंह, वाळवंट, समुद्रातला खडक, बर्फ. देखावा बदलतो पण माणूस जागचा हलत नाही. प्रत्येक जागी कॅमेऱ्यापासूनचं अंतर मोजून त्याला पुन्हा तसाच उभा केला होता. त्यासाठी जमीन मोजणाऱ्यांची उपकरणं वापरली. आम्ही दोन रिळांचा जोड दिसू नये म्हणून धडपडायचो, हा गडी तोच उघडा दाखवून हसवतो.

स्वप्नातली मोती-चोरी, बिलियर्डचा १३ नंबरचा स्फोटक चेंडू, ड्रायव्हर पडल्यावरही हँडलवर बसलेल्या बस्टरला घेऊन निघालेली मोटरसायकल, याला सूचना लागत नाहीत. म्हातारीच्या वेशातल्या सहकाऱ्याच्या पोटावरच्या पेटीत बस्टर सूर मारून गायब होतो, तिथे ‘परत लावा’ म्हणतील. लावा. त्याआधी, संशयिताच्या पाठलागात, आगगाडीच्या टपावरून धावून तो पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळतो, तिथे मात्र घरी करू नका असं बजावा. त्या लोंढ्याखाली आपटून मानेचं हाड मोडलं होतं, ते त्याला कित्येक वर्षांनी तपासणीत कळलं.

शेवटी पोरगी केबिनमध्ये येते. आता काय करायचं ते बस्टर खिडकीतून पडद्यावर बघून ठरवतो: तिकडे हात धरला की इकडे हात, तिकडे अंगठी की इकडे अंगठी. मग पडद्यावर एकदम मांडीवर बाळं! तेवढ्यात कुणी उठून लाइट लावायला जातं, त्याला बसवा. बस्टर डोकं खाजवतो, ते झाल्यावरच बटण दाबा.